दगड, सरडे आणि समुद्र : जाणकारांना सोबत नेताना

प्रश्न असा आहे : "मी साताऱ्याजवळच्या एका माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. आठवी-नववीच्या मुलांना वर्षभरात थोडाथोडा आपल्या भागातला निसर्ग दाखवायचाय. दगडधोंडे, प्राणी-वनस्पती आणि शेवटी कोकणचा किनारा. सोबत तज्ज्ञ माणसं असावीत असं वाटतं. कुणाला गाठावं, त्यांना काय विचारावं, सुरुवात कुठून करावी? आणि मुलांनी दगड, शंख-शिंपले गोळा केले तर चालतं का?"

बाई, माझं शिक्षण भूगर्भशास्त्राचं आणि नोकरी भूजलाची. सातारा-सांगलीच्या विहिरींत वाकून बघण्यात उमेद गेली, आता शाळांच्या मुलांना घेऊन हिंडतो. त्यामुळं माझं उत्तर दगडाकडं जरा झुकलेलं असणार, हे आधीच धरून चाला.

तुम्ही तीन विषयांच्या तीन सहली आणि तीन व्याख्याते असा हिशेब मांडलेला दिसतो. तो मोडा. एकाच जागी दोन वेगळ्या विषयांची माणसं न्या आणि त्यांना एकमेकांशी बोलायला लावा. एकटा तज्ज्ञ उभा राहिला की तो शिकवायला लागतो, मुलं वह्या काढतात, आणि अर्ध्या तासात मागच्या रांगेत पाण्याच्या बाटल्या उडायला लागतात. दोघं असले की वाद होतो, आणि वाद मुलं कान टवकारून ऐकतात. दुसरं, मुलांना एकच प्रश्न पढवून न्या : "कशावरून?" 'हे काय आहे?' विचारलं की नाव मिळतं, आणि नाव मिळालं की पोरं पुढं पळतात. 'कशावरून?' विचारलं की माणसाला खाली बसून दाखवावं लागतं. पाचगणीच्या टेबललँडवर घोडेवाल्यापासून भजीवाल्यापर्यंत प्रत्येकजण सांगतो की हे आशियातलं दुसऱ्या क्रमांकाचं पठार आहे. मुलांना तिथं 'कशावरून?' विचारू द्या. मोजलं कुणी, कसं, हे सांगणारा मला तरी अजून भेटलेला नाही.

सुरुवात कासवरून करा, पण फुलांपासून नको. कास समुद्रसपाटीपासून साधारण १२०० मीटरवर आहे. वर जांभ्याचं झाकण आणि त्याखाली काळ्या दगडाचे थर. हा काळा दगड म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वर आलेला लाव्हा. गुऱ्हाळात काहिलीतला पाक ओतल्यावर वर साय धरते, तिला सुरकुत्या पडतात आणि आतला पाक अजून वाहताच असतो. आपल्याकडचे बरेच लाव्हे तसेच पसरत गेले. या थरांच्या अभ्यासात जगभरचे भूवैज्ञानिक जी नावं वापरतात त्यांत आपल्या मुलांची ओळखीची गावं आहेत. थरांच्या एका मोठ्या गटाला 'वाई' नाव आहे, आणि त्यातल्या उपविभागांना पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. वाईच्या पोराला हे सांगून बघा, त्याची कॉलर ताठ होते.

आता जांभा. काळ्या दगडावर लाखो वर्षं ऊन-पाऊस झाला, त्यातली सिलिका, चुना, मॅग्नेशियम धुऊन गेलं आणि लोह-ॲल्युमिनियम मागं राहिलं. तोच जांभा. त्यावर माती जेमतेम बोट-दोन बोट, तीही निकस. पावसाळ्यात पाणी साचतं, ऑक्टोबर सरला की तवा तापतो. इथं वनस्पतीवाल्याला पुढं करा. खाली बसून भिंग लावलं की दवबिंदू नावाच्या किडे खाणाऱ्या झाडाच्या पानावर लालसर केस दिसतात, प्रत्येकाच्या टोकाला चिकट थेंब, आणि एखाद्या थेंबात अडकलेलं चिलट, पाय अजून हलत असतात. बाजूच्याच ओलीत निळी-जांभळी सीतेची आसवं उभी. दिसायला नाजूक, पण जमिनीखाली त्यांच्या बारीक पिशव्या असतात आणि जवळ आलेला सूक्ष्म जीव डोळ्याचं पातं लवायच्या आत आत ओढला जातो. ही झाडं किडे का खातात? कारण मातीत नत्र नाही. मातीत नत्र का नाही? कारण खाली जांभा आहे. या जागी वनस्पतीवाला आणि दगडवाला एकमेकांकडं बघतात, आणि तुमची सहल तिथं सुरू होते.

कंदीलपुष्प दिसलं तर तिथं पाच मिनिटं थांबाच. फुलाची नळी लांब, आत खाली वळलेले केस. माशी वासानं आत शिरते, केसांमुळं बाहेर पडता येत नाही. केस सुकून मऊ पडले की सुटते, तोवर अंगाला पराग चिकटलेले असतात. मुलांना हे गोष्टीसारखं सांगायची गरज नाही, वनस्पतीवाल्याला फक्त विचारा : "ही माशी मेली का जगली, आणि कशावरून?"

वायतुऱ्याचंही तसंच. डबक्यातली साधी वनस्पती, वर दोन फाट्यांचा गुलाबी तुरा. शास्त्रीय नावात सातारा आहे, कारण ती आपल्याच भागातली. १९८२ मध्ये शास्त्रात नोंदली गेली. नावाचं कौतुक पटकन आटपा आणि नर-मादी वेगळ्या झाडांवर असतात ते दाखवायला सांगा.

कासला तिसरा माणूस लागतो, तो म्हणजे तिथलाच गुरं राखणारा. पठारावर मध्यंतरी कुंपण घातलं गेलं, पुढं ते काढलं. गुरं चरली तर फुलं तुडवली जातात, का गवत आटोक्यात राहून फुलांना जागा मिळते, यावर शिकलेल्यांतही एकमत नाही. ज्याच्या बापजाद्यांनी तिथं म्हशी चारल्या त्याला विचारल्याशिवाय हा विषय अर्धाच राहतो. आणि एक व्यवहाराची गोष्ट : प्राध्यापकाला मानधनाचं पाकीट आणि गुराख्याला चहा, असं करू नका. पाकीट दोघांनाही द्या. मुलं हे बघत असतात.

२०१२ साली पश्चिम घाटातल्या ३९ जागा जागतिक वारसा यादीत गेल्या, त्यांत कास, कोयना आणि चांदोली आहेत. हे तुम्हाला कुठल्याही फलकावर वाचायला मिळेल. परिणाम एवढाच लक्षात ठेवा की सप्टेंबरच्या रविवारी तिथं माणसंच जास्त दिसतात. शाळेची बस मंगळवारी-बुधवारी न्या, प्रवेशाचं आरक्षण आधी करा.

प्राण्यांसाठी सगळे वाघाचं नाव घेतात. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० मध्ये झाला, कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून. जंगल दाट, चढ-उताराचं. बसभर पोरं घेऊन गेलात तर वाघ सोडा, शेकरूसुद्धा दिसेल याची खात्री नाही. मी शाळांना पवनचक्क्यांच्या चाळकेवाडीला नेतो. वाघाऐवजी सरडा म्हटल्यावर मुलांची तोंडं पडतात, ती तासाभरात सावरतात.

एप्रिल-मे महिन्यात, पावसाच्या आधी, चाळकेवाडीच्या सड्यावर, म्हणजे उघड्या दगडी पठारावर, सकाळी उन्हं तापायला लागली की दगडादगडावर नर सरडे उभे राहतात. वीतभर जीव, मातकट रंग, दगडावर दिसतसुद्धा नाही. मग तो मान वर करतो आणि गळ्याखालची घडी उघडतो : निळा, काळा, नारिंगी. क्षणभर पंखा उघडा, क्षणभर मिटलेला. दुसरा नर जवळ आला की दोघं एकमेकांना हे निशाण दाखवत राहतात, कधी झोंबाझोंबी होते. या जातीचं शास्त्रीय वर्णन २०१६ मध्ये झालं, आणि ज्या जागेवरून ते झालं ती जागा चाळकेवाडीच. म्हणजे पवनचक्क्या बघायला आपण वर्षानुवर्षं जिथं गाड्या लावत होतो, तिथं पायाखाली हा होता.

पवनचक्क्यांचा विषय तर त्याहून भारी. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी याच सड्यावर काम केलं आणि ते २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. जिथं पवनचक्क्या आहेत तिथं शिकारी पक्षी जवळपास चौपटीनं कमी आढळले. ससाणे-घारी कमी म्हणून सरडे जास्त. पण सरडे जास्त झाल्यावर खाण्यात वाटेकरी वाढले, म्हणून ते हडकुळे. भीती कमी म्हणून माणूस बराच जवळ येईपर्यंत पळत नाहीत, आणि गळ्याचे रंगही फिके. पात्यांनी पक्षी मरतात का, एवढाच प्रश्न आपण विचारत होतो. इथं पात्यांनी सरड्याचा स्वभाव बदललेला दिसला. मुलांना हे ऐकवू नका, करायला लावा. चक्क्यांजवळ आणि चक्क्यांपासून लांब अशा दोन जागा निवडा, सरड्याच्या दिशेनं एकाच चालीनं चालत जा, तो पळाला की थांबा आणि अंतर टेपनं मोजा. वहीत दोन रकाने. पकडायचं नाही, दगड उलटायचे नाहीत. मग चक्क्यांखाली शेत असलेल्या शेतकऱ्याला विचारा की पूर्वी ससाणे किती दिसायचे.

सांगलीकडच्या शाळा मला विचारतात, आमच्याकडं काय? त्यांच्याकडं मगर आहे. भिलवडी, औदुंबर, आमणापूर या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत आणि थंडीतल्या सकाळी त्या मळीवर ऊन खात पडलेल्या दिसतात. इथला तज्ज्ञ म्हणजे नदीकाठी मोटर असलेला शेतकरी आणि होडीवाला. मगर कुठल्या काठावर चढते, अंडी कुठं घालते, कोणत्या महिन्यात चिडते, हे त्यांना पाठ असतं, कारण पाणी सोडायला रात्री त्यांनाच उतरावं लागतं. वन विभागाच्या माणसालाही सोबत घ्या आणि दुर्बिणीतून, उंच काठावरूनच बघा. पाण्याशी एकही पोर नको, यात तडजोड नाही.

बिबट्याचंही तसंच. कराड-शिराळा पट्ट्यात बिबट्या उसात राहतो, उसातच वितो. तोडणीच्या वेळी पिल्लं सापडतात, आणि ती उचलून न नेता त्याच जागी ठेवली तर आई रात्री येऊन घेऊन जाते. वन विभागानं असे मिलाप घडवलेत. टोळीच्या मुकादमाला शाळेत बोलवा. पाहुणे व्याख्याते म्हणून त्याचं नाव फळ्यावर लिहा.

आता घाट उतरू. कोकणात जाताना कुंभार्लीनं जा आणि कोयनानगरला थांबा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप आठवणारी म्हातारी माणसं त्या भागात अजून आहेत. भिंत कशी पडली, जनावरं आधी ओरडली का, आवाज आला का हादरा आधी, हे मुलांनी त्यांच्याकडूनच ऐकावं. याच भूकंपांच्या अभ्यासासाठी केंद्र सरकारची एक प्रयोगशाळा कराडजवळ हजारमाचीला आहे. तिच्या कामात कोयना परिसरात खोल विंधनविवरं घेतली गेली. रासाटीजवळ ९३२ मीटरवर काळा दगड संपला आणि खाली थेट ग्रॅनाईट लागला, लाव्ह्यापेक्षा कितीतरी जुना. गोठण्याला तोच पाया १२४७ मीटरवर मिळाला, आणि ते विवर ३ किलोमीटर खोल गेलं. मुलांच्या गावातली बोअर किती फूट आहे ते आधी विचारून ठेवा, मग हे आकडे सांगा.

घाटात रस्त्याच्या कापात काळ्या दगडांच्या मध्ये विटकरी पट्टा दिसतो. नखानं खरवडला तर निघतो, बोट लाल होतं. खालचा लाव्हा थंड झाला, त्यावर बराच काळ गेला, माती झाली किंवा राख साचली, आणि वरून पुढचा लाव्हा येऊन ती भाजली गेली. राख की माती, यावर भूगर्भवाल्यांना बोलतं करा. त्यांच्याइतकाच विहीर खोदणारा कामाचा. तो या पट्ट्याला गेरू म्हणेल आणि सांगेल की गेरूच्या वर पाझर मिळतो, कारण गेरू पाणी खाली जाऊ देत नाही. छिद्राछिद्रांच्या मांजऱ्या दगडात पाणी, घट्ट काळ्यात फक्त भेगेत, हेही त्याच्याकडून ऐका. मी वरिष्ठांच्या अहवालांपेक्षा सुरुंगवाल्यांकडून जास्त शिकलो. वळणावर मात्र गाडी थांबवू नका, रुंद जागा बघूनच उतरा.

खाली चिपळूणला वाशिष्ठी. इथं मुलांना एक कोडं घाला. कोयना ही कृष्णेची उपनदी, तिचं पाणी बंगालच्या उपसागराला जायचं. पण कोयनेच्या वीजघरांतून फिरलेलं पाणी डोंगराखालून पश्चिमेला येतं आणि वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीत जातं. खाडीतल्या गोड्या-खाऱ्या पाण्याचं त्यानं काय झालं असेल? खाडीकाठचा मच्छीमार आणि एखादा मत्स्यशास्त्राचा प्राध्यापक, दोघांना होडीत समोरासमोर बसवा. वाशिष्ठीतही मगरी आहेत, म्हणजे सांगलीचं पोर इथं पाहुणं वाटणार नाही. काठावर तिवर, कांदळ आणि चिप्पी ही खारफुटीची झाडं बघा. पांढरी चिप्पी २०२० पासून राज्याचा कांदळवृक्ष आहे. चिखलातून वर आलेल्या तिच्या खुंट्या म्हणजे श्वास घेणारी मुळं.

किनाऱ्यावर घाटावरची माणसं एकच चूक करतात : वेळ घड्याळावर ठरवतात. समुद्राची वेळ तिथीवर ठरते. कोकणातला हिशेब सोपा आहे, तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्याच्या सहा तास आधी आणि नंतर ओहोटी. खडकाळ किनारा बघायचा तर पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरची द्वितीया-तृतीया धरा. तेव्हा उधाण असतं, म्हणून पाणी आतपर्यंत ओसरतं आणि ओहोटी सकाळी साडेसात ते सव्वाआठच्या सुमाराला येते. सप्तमी-अष्टमीच्या भांगाला, म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं तेव्हा, गेलात तर खडक उघडेच पडत नाहीत. हा हिशेब अंदाजाचा आहे, निघण्याआधी भरती-ओहोटीचं अधिकृत वेळापत्रक आणि गावातला कोळी, दोघांना विचारा. ओहोटी पूर्ण होण्याच्या तासभर आधी खडकावर, आणि पाणी फिरलं की लगेच बाहेर.

खडकावर मुलांना वरून खाली चालवा. सगळ्यात वर बारक्या गोगलगाया, मग खडकाला चिकटलेले पांढरे खरखरीत बार्नॅकल, मग कालवं, त्याखाली शेवाळ आणि डबक्यांत समुद्रफुलं. जो प्राणी जितका वेळ पाण्याबाहेर तग धरतो तितका तो वर. कालवं फोडणारी कोळीण ही इथली खरी प्राध्यापक. कोयतीच्या एका टोल्यात कुठलं जिवंत, कुठलं रिकामं हे तिला आवाजावरून कळतं. तिला 'कशावरून?' विचारा. हाच काळा दगड, हाच जांभा, पण किनाऱ्याला. कुठं कुठं वाळू आणि शिंपल्यांचा चुना मिळून झालेला नवा दगडही दिसतो, त्याला तिथं करळ म्हणतात. आणि महाबळेश्वरच्या माथ्यावरचा जांभा नि कोकणच्या सड्यावरचा जांभा एकच का वेगवेगळ्या काळातले, हा प्रश्न दोन भूगर्भतज्ज्ञांसमोर टाकला तर रात्रीचं जेवण थंड होईल.

फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघता येतात. तिथं टॉर्च आणि फ्लॅश बंद, कारण पिल्लं उजेडाकडं वळतात.

तज्ज्ञ निवडताना दोन गोष्टींवरून माणूस ओळखा. जो साप हातात धरून फोटो काढू देतो त्याला बोलवू नका. आणि जो मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून पक्षी समोर आणतो त्यालाही. चांगला माणूस "हे मला सांगता येणार नाही" असं मुलांसमोर सहज म्हणतो. शिवाजी विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग, जवळच्या महाविद्यालयांतले भूगोल-भूगर्भाचे प्राध्यापक, वन विभागाचे वनरक्षक आणि रत्नागिरीचं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र इथून सुरुवात करा. रत्नागिरीच्या केंद्रात संग्रहालय आहे, तिथला व्हेलचा सांगाडा बघून मग किनाऱ्यावर गेलेलं बरं.

राहिला गोळा करण्याचा प्रश्न. कास, कोयना, चांदोली, सागरेश्वर इथून काहीही उचलायचं नाही, दगडसुद्धा नाही. गारगोट्या आणि स्फटिक हवेच असतील तर चालू खाणीच्या मालकाला विचारून टाकाऊ ढिगाऱ्यातून घ्या, आणि प्रत्येक तुकड्यावर जागेचं नाव नि तारीख लिहा. ते नसेल तर तो तुकडा अभ्यासाला निकामी. किनाऱ्यावर जिवंत शंख उचलू नका. शंकूसारख्या दिसणाऱ्या कोन शंखाचा डंख माणसाचा जीव घेऊ शकतो, शिवाय काही शंखांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. रिकामा दिसणारा शंख पाण्यात ठेवून दोन मिनिटं बघा. बऱ्याचदा त्यातून खेकड्याचे पाय बाहेर येतात.